गाडीतलं ऑफिस: उन्हाळी भटकंतीपासून आजपर्यंतचा वापर

एक पॉवर स्टेशन (म्हणजे प्लग आणि यूएसबी असलेली मोठी, उचलून नेता येणारी बॅटरी), दोन सिमचा राउटर, तोंडापर्यंत माइक येणारा हेडसेट आणि घडीचं टेबल. एवढं सामान डिकीत टाकून आम्ही चौघं मित्रमैत्रिणी उन्हाळ्यात गाडीने लांबच्या प्रवासाला निघालो. दोघं पूर्ण रजेवर होते, आम्ही दोघी रोज अर्धा दिवस कामावर. प्रवास संपून आता कित्येक महिने झाले, पण हे सामान वापरात आहेच. घरी वीज गेली की बाहेर निघतं आणि जोडून सुट्ट्या आल्या की परत गाडीत जातं. त्यामुळे हा अनुभव नवेपणाच्या उत्साहातला नाही.

मी हे सामान एकाच कसोटीवर जोखलं: ठरलेल्या वेळी माझा लॅपटॉप बंद होतो का? ‘कुठूनही काम करा’ असं जाहिराती सांगतात, आणि एकटं फिरणाऱ्याला तेवढं पुरतंही. सोबत मित्र असले की प्रश्न बदलतो. फाइल अपलोड होता होता अडकली, कॉल तुटला, चार्जिंग संपलं, की अकराला आटपायचं काम दीडपर्यंत लांबतं आणि बाकीचे आवरून बसलेले असतात. एखाद्या दिवशी कुणी काही बोलत नाही. रोज तसं व्हायला लागलं की ‘तू ये मागून, आम्ही होतो पुढे’ सुरू होतं. एकत्र जायचं म्हणून निघालो असताना हे मला नको होतं.

आधी विजेबद्दल. आमचं पॉवर स्टेशन ५१२ वॅट-अवरचं आहे (वॅट-अवर म्हणजे साठवलेल्या विजेचं माप), आत लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी. ही बॅटरी तेवढ्याच क्षमतेच्या दुसऱ्या लिथियम बॅटऱ्यांपेक्षा जड भरते, पण उष्णतेत जास्त सुरक्षित असते आणि हजारो वेळा चार्ज करता येते. खोक्यावरचे सगळे वॅट-अवर मात्र हाती येत नाहीत. साध्या प्लगमधून वीज घेतली तर आतल्या इन्व्हर्टरमध्ये, म्हणजे बॅटरीची वीज घरच्या प्लगसारखी करणाऱ्या भागात, साधारण १० ते १५ टक्के खर्च होते, आणि काहीही न जोडता तो चालू राहिला तरी थोडी वीज खात बसतो. लॅपटॉप यूएसबी-सीवर थेट लावला की हा तोटा टळतो. माझा लॅपटॉप लिहिण्यावाचण्याच्या कामात २० ते ३० वॅट घेतो, व्हिडिओ कॉलवर ४० च्या आसपास. राउटरला १० धरा. दोन लॅपटॉप आणि राउटर मिळून पाच तासांची सकाळ निघते.

ते पुन्हा भरायचं कसं, यावर आमचा दिवसाचा क्रम ठरला. गाडीतल्या १२ व्होल्टच्या सॉकेटला बहुतेक वेळा १० ते १५ अँपिअरचा फ्यूज असतो, त्यामुळे त्यातून फार वीज ओढता येत नाही. आम्हाला साधारण १०० वॅट मिळायचे, म्हणजे रिकामं पॉवर स्टेशन भरायला पाच-सहा तास गाडी चालायला हवी. सकाळी काम, दुपारनंतर प्रवास हा क्रम त्यामुळे आपोआप जुळला. सोलर पॅनल १०० वॅटचं होतं, चांगल्या उन्हात ६० ते ७० वॅट द्यायचं. पॅनलला ऊन हवं आणि बॅटरीला सावली, म्हणून लांब वायर आधीच घेऊन ठेवा. या बॅटऱ्या ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत असं उत्पादक सांगतात, आणि त्यापुढे आमचं पॉवर स्टेशन चार्जिंग स्वतःच थांबवतं. बाहेर ३५ अंश असताना उन्हात बंद उभ्या गाडीत तासाभरात पन्नाशी ओलांडते. लॅपटॉप आणि बॅटरी तिथे कधीच ठेवू नका, दहा मिनिटांत येतो म्हणून जातानाही नको.

आता राउटर. यावर सविस्तर लिहिते, कारण माझी सकाळ वेळेत संपते की नाही हे यावरच ठरतं. फोनच्या हॉटस्पॉटपेक्षा राउटर का? एकतर त्याला बाहेरचे अँटेना जोडता येतात. गाडीचा पत्रा, आणि काही गाड्यांच्या काचांवरचा धातूचा थर, सिग्नल अडवतात. अँटेना टपावर आला की फरक लगेच दिसतो. अँटेना दोन घ्या, कारण ४जी आणि ५जीचा वेग एकाच वेळी अनेक अँटेना वापरण्यावर अवलंबून असतो. वायर आखूड ठेवा, लांब बारीक वायरीतच कमावलेला सिग्नल वाया जातो. दुसरं म्हणजे सिम दोन, वेगवेगळ्या नेटवर्कची. एकाची रेंज गेली की दुसरं आपोआप सुरू होतं. हे बदलताना चालू कॉल काही सेकंद गोठतो आणि ऑफिसचं व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी) परत जोडावं लागतं. म्हणून महत्त्वाच्या मीटिंगआधी मी चांगलं चालणारं सिम हाताने निवडून ठेवते.

सिग्नलच्या किती दांड्या दिसतात त्याकडे मी आता बघतच नाही. राउटरच्या सेटिंगच्या पानावर सिग्नलचा खरा आकडा डीबीएममध्ये असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ९० डीबीएम किंवा त्याहून बरा असेल तर निश्चिंत, उणे १०० ला काम भागतं, उणे ११० च्या खाली गेला की व्हिडिओचा नाद सोडायचा. तरीही आकडा उत्तम आणि इंटरनेट रखडलेलं असं होतं, विशेषतः उन्हाळ्यात. पर्यटकांची गर्दी असलेल्या जागी एकाच टॉवरवर इतके फोन असतात की संध्याकाळी साधा फोटो जात नाही. त्याच जागी सकाळी सहाला अपलोड सुसाट. आम्ही साडेसहाला बसायचो यामागचं मोठं कारण हेच. बाकी दोघं तेव्हा झोपलेले असायचे, म्हणजे त्यांच्या वाट्याच्या दिवसातलं आम्ही काही घेतही नव्हतो.

एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली नव्हती. मित्रांचे फोन राउटरच्या वायफायवर आले की आदल्या दिवशीचे सगळे फोटो-व्हिडिओ क्लाउडवर चढायला लागतात आणि अपलोड भरून जातं. ऐन मीटिंगमध्ये माझा चेहरा गोठायचा. उपाय सोपा निघाला: त्यांच्यासाठी वेगळं गेस्ट नेटवर्क, त्याला वेगाची मर्यादा, आणि लॅपटॉपना प्राधान्य. ही सोय नसलेला राउटर घेऊच नका. डेटाही जपावा लागतो, एचडी व्हिडिओ कॉल तासाला एक जीबी किंवा त्याहून जास्त खाऊ शकतो. नुसत्या आवाजावर तो फार थोडक्यात भागतो.

हेडसेट ठीक. नॉइज कॅन्सलिंग इंजिनची घरघर छान घालवतं, माणसांचे आवाज तेवढे घालवत नाही. समोरच्याला आपण नीट ऐकू येण्यासाठी तोंडाजवळचा माइकच कामी येतो. घडीचं टेबल मात्र बदलावं लागलं. फिरायला नेण्याची टेबलं बुटकी असतात, तासाभरात मान भरून येते. आता उंची बदलता येणारं टेबल आणि वेगळा कीबोर्ड वापरते.

चालत्या गाडीत काम करायचा विचार असेल तर सोडून द्या. डोळे स्थिर पडद्यावर आणि शरीराला वळणं जाणवत असली की बऱ्याच जणांना मळमळ येते, आणि आमच्या सामानात त्यावर काही उपाय नाही. ऐकण्यापुरती मीटिंग चालते, तीही फक्त बाजूला बसणाऱ्याने. चालवणाऱ्याने फोन घ्यायचा नाही, हँड्सफ्रीवरही नाही, हा नियम आम्ही निघण्याआधी केला. बोलण्यात गुंतलेलं मन रस्त्यावरून उडतं. हात मोकळे असले म्हणून तो धोका टळत नाही. लवकर उठून कामाला बसलेल्यांना संध्याकाळचं ड्रायव्हिंग द्यायचं नाही, हा दुसरा नियम.

लॅपटॉप मिटला तरी डोकं मिटत नाही, आणि ते मित्रांना लगेच कळतं. ‘तू इथे नाहीयेस,’ असं मला सरळ तोंडावर सांगितलं गेलं. सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवलं होतं की अर्धं राहिलेलं काम सोडून दुसरीकडे वळलं तर लक्षाचा एक भाग मागेच अडकून राहतो. पुढे २०१८ मध्ये तिने आणि थेरेसा ग्लोम्बने त्यावर उपायही मांडला: उठण्याआधी काय राहिलं आणि परत आल्यावर कुठून सुरू करायचं, ते थोडक्यात लिहून ठेवायचं. मी शेवटची दहा मिनिटं त्यासाठी राखते. माझ्यासाठी हे या सगळ्या सामानापेक्षा जास्त उपयोगी ठरलं आहे.

ऑफिसला मात्र सगळं आधी सांगा: कुठल्या वेळी हजर, कुठल्या वेळी नाही. सीमा ओलांडून दुसऱ्या देशात जाणार असाल तर परवानगी लेखी घ्या, कारण तिथे बसून काम करण्याला व्हिसा आणि कराचे वेगळे नियम लागू होऊ शकतात.

घ्यावं का? फक्त ईमेल आणि थोडं लिखाण असेल तर फोनचा हॉटस्पॉट आणि एक चांगली पॉवर बँक पुरे, एवढा पसारा नको. रोज कॉल असतील आणि सोबतचे लोक रजेवर असतील तर घ्या. एकाच वस्तूइतके पैसे असतील तर राउटर आधी घ्या. वीज मुक्कामाच्या ठिकाणी बहुधा मिळते, भरवशाचं अपलोड मिळत नाही.