डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या चौथ्या आवृत्तीचा फायटर, आठ महिन्यांनंतर: खरी डोकेदुखी मार्क लक्षात ठेवण्याची

मे महिना लागला, कूलर सुरू झाला आणि नकाशावरच्या मार्कच्या (फायटरने शत्रूवर बसवलेल्या खुणेच्या) कागदी चिठ्ठ्या उडाल्या. कोणत्या ऑर्कवर मार्क होता यावर टेबलावर वीस मिनिटं वाद, आणि त्या गोंधळात आमचा विझार्ड (जादूगार) मेला. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर फाशांनी खेळायच्या रोल-प्लेइंग खेळाची चौथी आवृत्ती (२००८), ह्यूमन फायटर, पहिली ते सातवी लेव्हल, दर रविवारी एक बैठक, एवढ्या वापरावर हा अनुभव बेतलेला आहे. डिफेंडर, म्हणजे शत्रूचे वार साथीदारांऐवजी स्वतःकडे ओढणारा, म्हणून फायटर उत्तम आहे. पण मार्कची नोंद नीट ठेवली नाही, तर टेबलावर उरतो फक्त जाड चिलखतातला माणूस.

मार्क असलेल्या शत्रूने फायटरला वगळून दुसऱ्याला मारलं, तर त्याच्या फाशातून दोन वजा होतात. अडचण अशी की हा वजा दोन लागतो डीएमच्या (खेळ चालवणाऱ्याच्या) फाशाला, आणि मार्क कोणावर आहे हे माहीत असतं फायटरच्या खेळाडूला. डीएम आधीच पाच राक्षसांचे हिट पॉइंट (उरलेला जीव) आणि इनिशिएटिव्ह (खेळीचा क्रम) सांभाळत असतो. त्यात मार्क टिकतो फायटरच्या पुढच्या टर्नच्या शेवटपर्यंत, म्हणजे दर फेरीत काही मार्क उतरतात, काही नव्याने चढतात. हे तोंडी लक्षात राहत नाही.

उपाय स्वस्त आहे. केसांना लावायचे छोटे रंगीत रबर इतवारी बाजारात दहा रुपयांत पुडीभर मिळतात. लाल फायटरचा, पिवळा पॅलाडिनचा, कारण तोही मार्क करतो. रबर शत्रूच्या मिनीच्या (छोट्या पुतळ्याच्या) पायाशी ठेवू नका, गळ्यात अडकवा. मिनी हलली की तोही सोबत जातो, आणि कूलरने उडत नाही. चढवायचा आणि काढायचा फायटरच्या खेळाडूनेच, डीएमने हात लावायचा नाही. पॅलाडिनने पिवळा चढवला की लाल लगेच काढायचा, कारण एका शत्रूवर एकच मार्क राहतो आणि नवा जुन्याला पुसतो. डीएमने फासा उचलला की तेव्हाच म्हणायचं, "भाऊ, मार्क आहे, मायनस दोन." फासा पडल्यावर म्हटलं तर ते भांडण वाटतं.

आता ढालीबद्दल. पहिले तीन महिने मत असं होतं की डिफेंडर म्हणजे एसी (आर्मर क्लास, वार लागायला शत्रूला गाठावा लागतो तो आकडा), जितका जास्त तितका चांगला. ते बदललं. पहिल्या लेव्हलचं गणित पाहा. मूळ दहा, स्केल चिलखत सात, जड ढाल दोन, एसी १९. फाशात ६ मिळवून मारणाऱ्या शत्रूला वीस बाजूंच्या फाशावर १३ किंवा जास्त लागतात, म्हणजे ४० टक्के संधी. शेजारच्या विझार्डचा एसी १४, तिथे ६५ टक्के. मार्कचे दोन वजा करूनही ५५. म्हणजे मार्क असूनही विझार्डला मारणंच शत्रूच्या फायद्याचं. ढाल काढून दोन्ही हातांनी ग्रेटसोर्ड धरली की एसी १७, संधी ५० टक्के. आता ५५ च्या मोहापायी फायटरचा दहा बाजूंच्या फाशाचा फुकट वार झेलायचा का, असा प्रश्न डीएमला खरोखर पडतो, आणि शत्रू फायटरकडे वळतात. मात्र हे पहिल्या लेव्हललाच ठरवा. वेपन टॅलेंट या फायटरच्या खुबीचा वार लागण्यासाठीचा +१ एकहाती शस्त्राला की दोनहाती, हे तेव्हाच निवडावं लागतं. टाइड ऑफ आयर्न या हल्ल्याला ढाल लागते, तो हल्ला सोडा आणि रीपिंग स्ट्राइक घ्या. दोनहाती शस्त्र असेल तर वार चुकला तरी पूर्ण स्ट्रेंग्थ मॉडिफायरइतकं (ताकदीच्या गुणातून येणाऱ्या आकड्याइतकं) नुकसान होतं.

ढाल सोडल्याची किंमत हीलिंग सर्जमध्ये (गेलेला जीव भरून काढायच्या दिवसभरातल्या ठरावीक संधींमध्ये) मोजावी लागते. कॉन्स्टिट्यूशन (काटकपणाचा गुण) १४ असेल तर दिवसाला ११ सर्ज. ढालीसह ते पुरून उरत होते, ढालीविना चौथ्या लढाईपर्यंत तळ दिसतो. क्लेरिकला (जखमा भरणाऱ्या साथीदाराला) आधी सांगून ठेवा.

नियम वाचताना सगळ्यात जास्त घोळ होतो तो फुकट वारांचा. मार्क केलेला, शेजारी उभा असलेला शत्रू शिफ्ट झाला (जपून एक घर सरकला) किंवा फायटरला वगळून दुसऱ्याला मारू लागला, तर मिळतो तो इमिजिएट इंटरप्ट, म्हणजे शत्रूच्या कृतीच्या मध्येच मारायचा वार. तो फेरीत एकदाच, आणि त्याने शत्रू थांबत नाही. वार खाऊनही शिफ्ट होणारा एक घर सरकतोच. न शिफ्टता, सरळ चालत निघालेल्यावर मिळतो तो ऑपॉर्च्युनिटी अटॅक. तो प्रत्येक शत्रूच्या टर्नला एक, त्याच्या फाशात विज्डम मॉडिफायर (शहाणपणाच्या गुणाचा आकडा) मिळवायचा, आणि लागला की शत्रू जागेवर थांबतो. म्हणून तिघांना मार्क केलं तरी इंटरप्टने शिक्षा एकालाच होते, पण पळू लागलेले तिघेही अडवता येतात. फायटर डेझ झाला (गुंगीत गेला) तर हे दोन्ही वार बंद. आमच्याकडे हे पाचव्या महिन्यात कळलं, तोवर चुकीचंच चालू होतं.

उभं राहायची जागा: सगळ्यांच्या पुढे नको. विझार्डच्या एकच घर पुढे, दाराच्या चौकटीत. फार पुढे गेलात तर शत्रू दोन्ही बाजूंनी वळसा घालून जातात, या आवृत्तीत तिरकं चालायलाही एकच घर लागतं.

नोंदी ठेवायचा कंटाळा असेल तर २०१० च्या एसेन्शियल्स पुस्तकातला नाइट हा फायटरचा प्रकार घ्या. त्याचा डिफेंडर ऑरा (त्याच्याभोवतीचं प्रभावाचं वर्तुळ) शेजारच्या प्रत्येक शत्रूला आपोआप वजा दोन देतो, चढवणं-काढणं काही नाही, आणि शिक्षेचा वार प्रत्येक शत्रूच्या टर्नला मिळू शकतो. पण एका घरापलीकडे ऑरा पोचत नाही. फायटर दहा घरांवरच्या धनुर्धाऱ्यावर जॅव्हेलिन फेकून मार्क बसवतो. इंटरप्ट तिथे मिळत नाही, पण वजा दोन लागतो, आणि तेवढ्यावर गेल्या महिन्यात आमचा क्लेरिक दोनदा वाचला. म्हणून पुढच्या मोहिमेतही फायटरच, आणि लाल रबरांची दुसरी पुडी आणून ठेवली आहे.