समईच्या उजेडाचा कॅमेरा : याशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन

मिरामारच्या वाळूवर भर दुपारी फोटो काढायला कॅमेरा हवा असेल, तर याच्या मागे लागू नका. ४०० आयएसओचा (उजेड लवकर टिपणारा) रोल घालून डायफ्राम (लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक) एफ ८ वर ठेवलं की उजेड जास्त झाल्याचा लाल बाण पेटतो, कारण याचं शटर १/५०० सेकंदापेक्षा वेगाने चालत नाही. वर्षभर वापरून, नऊ रोल काढून मी हे लिहितेय. माझ्या मते हा समईच्या उजेडाचा कॅमेरा आहे आणि त्या कामात त्याच्यासारखा दुसरा मी हाताळलेला नाही.

माझ्याकडचा मामाचा आहे, त्याने १९७७ साली कुवेतहून आणलेला. इलेक्ट्रो ३५ ची मालिका १९६६ पासूनची, हे जीएसएन मॉडेल १९७३ मधलं. लेन्स ४५ मिलीमीटर, एफ १.७, आणि ती बदलता येत नाही. आपण फक्त डायफ्राम ठरवायचा, वेळ कॅमेरा ठरवतो. ती वेळ ठरावीक पायऱ्यांवर अडत नाही. १/५०० पासून थेट ३० सेकंदांपर्यंत, मधली कुठलीही. १/३० पेक्षा जास्त वेळ लागणार असेल तर पिवळा दिवा पेटतो. बहुतेक लोक तो दिवा पाहून फ्लॅश लावतात. मी कॅमेरा टेकवायला जागा शोधते.

गेल्या चवथीला सावईवेऱ्याच्या घरी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वीज गेली. बाहेर कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) पाऊस, आत गणपतीपुढे दोन समया, वर माटोळी, म्हणजे टांगलेल्या फळा-पानांचं छत. भाच्याने मोबाईलवर फोटो काढला, त्यात सगळं दिवसासारखं लख्ख आलं. सुपारीचा घोस, तोरिंजन, कांगलां, भिंतीवरचा ओलसर डागसुद्धा. चित्र स्वच्छ होतं, पण त्या खोलीत आम्ही बसलो होतो तो उजेड त्यात नव्हता. मी दोन पाट एकावर एक ठेवले, वर कॅमेरा ठेवला. फाइंडरमधल्या पिवळ्या चौकटीत ज्योत दोन दिसते, रिंग फिरवत गेलं की दोन्ही ज्योती एकमेकींत मिसळतात. अंधारात फोकस करायला याहून सोपी खूण नाही. डायफ्राम एफ ४, केबल (कॅमेरा न हलवता शटर दाबायची तार) दाबली आणि मनात आकडे मोजत बसले. सातव्या आकड्याला शटर मिटलं, तेही इतक्या हळू की शेजारी बसलेल्या आईला कळलं नाही. प्रिंटमध्ये माटोळीची खालची फळं सोनेरी आहेत, वरची काळोखात विरलेली, आणि आईचा चेहरा थोडा हललेला. मला तो तसाच हवा होता.

उजेड मोजणाऱ्या मीटरला मात्र अक्कल आपण पुरवावी लागते. मंगेशीची पांढरीशुभ्र दीपमाळ उन्हात काढली तर तो पांढऱ्याला उजेड समजतो, वेळ कमी देतो आणि दीपमाळ करडी होते. इथे शटर हाताने लावता येत नाही, ही मला याची सर्वांत मोठी उणीव वाटते. त्यावर उपाय एएसएच्या (म्हणजे आयएसओच्याच) चकतीवर : २०० चा रोल असताना चकती १०० वर आणायची, वेळ दुप्पट मिळते. नंतर परत २०० वर न्यायला विसरू नका.

जुना घेणार असाल तर आधी रोल पुढे ओढण्याची खटकी फिरवून कान द्या. ‘टक्’ असा ठसठशीत आवाज यायला हवा. आत एक छोटा रबरी तुकडा असतो, तो वयाने झिजला की हा आवाज जातो आणि शटरच्या वेळा चुकायला लागतात. माझ्या कॅमेऱ्याचा तो गेलेला होता. मडगावातल्या एका वयस्क कारागिराने बदलून दिला, आणि त्यांनी कॅमेरा उघडताना ज्या निगुतीने एकेक स्क्रू कागदावर ओळीने मांडला ते मी विसरणार नाही. मूळची ५.६ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी आता मिळत नाही. ६ व्होल्टची ४एलआर४४, प्लॅस्टिकच्या नळीचा तुकडा आणि एक स्प्रिंग एवढ्यावर माझं काम चाललंय, रोलांवर फरक दिसला नाही.

लेन्समधून टॉर्च मारून बुरशी पाहणं तर गोव्यात पहिलं काम. मूळ चामड्याचं कव्हर दिसायला सुंदर आहे, पण जून ते सप्टेंबर त्यात कॅमेरा ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं. मी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवते.

रोलांपैकी कोडॅक गोल्ड २०० समईखाली फार छान वागतो. तो दिवसाच्या उजेडासाठी बनवलेला, म्हणून तेलाच्या ज्योतीखाली सगळं केशरी होतं. ट्यूबलाइटखाली तोच हिरवट होतो, तिथे कृष्णधवल बरा. रंगीत रोल मी बाहेरगावी धुवायला पाठवते. एकदा निगेटिव्हवर शेवटपर्यंत लांब ओरखडा येऊन परत आला, त्यात दिवजांचे (बायका पेटते दिवे घेऊन देवळात जातात त्या उत्सवाचे) फोटो होते. मला अजून वाईट वाटतं.

तेव्हापासून दिवजांना इलफर्ड एचपी५ प्लस हा कृष्णधवल रोल वापरते आणि घरीच धुते. डी-७६ या डेव्हलपरमध्ये २० अंशांवर साडेसात मिनिटं. आमच्या नळाचं पाणी मे महिन्यात ३० च्या आसपास असतं, त्यामुळे घमेल्यात बर्फ घालून त्यात बाटल्या उभ्या करते, थर्मामीटर हातात धरून. वेळ एक सेकंदाच्या पुढे गेली की हा रोल सुस्तावतो आणि मीटरने सांगितलेली वेळ कमी पडते, म्हणून लांब फोटोंना चकती ४०० ऐवजी २०० वर ठेवते. परवा वाळत घातलेल्या निगेटिव्हवर, जिथे उजेड काळा दिसतो, देवळाच्या पायऱ्यांवरून उतरणाऱ्या दिव्यांची रांग काळ्या ठिपक्यांसारखी उमटली होती, आणि एका ठिपक्याशेजारी काकीचा हात स्पष्ट दिसत होता.