द लास्ट किंग ऑफ स्कॉटलंड : इदी अमीन आवडायला लागतो तिथेच पिक्चर अंगावर येतो

युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन, त्याच्यावरचा पिक्चर म्हटल्यावर आपण मनाशी आधीच ठरवून बसतो की नुसता रक्तपात असणार, वेडसर हुकूमशहा डोळे वटारून ओरडणार आणि आपण दोन तास त्याचा राग राग करणार. हा पिक्चर तसं होऊच देत नाही. पहिला जवळजवळ एक तास आपल्याला अमीन चक्क आवडतो. हसवतो, मिठ्या मारतो, गावातल्या लोकांसमोर भाषण ठोकतो तर अंगावर काटा येतो. मला हा पिक्चर थोर वाटतो तो नेमका यासाठीच.

2006 चा पिक्चर आहे, डायरेक्टर केव्हिन मॅकडोनल्ड. हा माणूस मूळचा डॉक्युमेंट्रीवाला आणि ते पहिल्या फ्रेमपासून जाणवतं, कॅमेरा सतत माणसांच्या अंगाला खेटून, रंग भडक, घाम दिसतो, आणि शूटिंग खरोखर युगांडात केलंय त्यामुळे कुठेच सेट लावल्यासारखं वाटत नाही. गोष्ट एका स्कॉटिश पोराची, निकोलस गॅरिगन (जेम्स मॅकअ‍ॅव्हॉय). नुकताच डॉक्टर झालेला, बापाच्या घरी जीव घुसमटलाय, म्हणून पृथ्वीचा गोल फिरवतो आणि बोट टेकेल तिथे जायचं ठरवतो. पहिल्यांदा कॅनडा येतं तर तो परत फिरवतो, मग येतं युगांडा. इथेच पोरगा कळतो आपल्याला. सेवाबिवा काही नाही, त्याला मजा हवीये. साल 1971, मिल्टन ओबोटेची सत्ता उलथून अमीन नुकताच गादीवर बसलाय.

दोघांची पहिली भेट नीट बघा. अमीनच्या गाडीची गाईला धडक बसलीये, त्याचा हात दुखावलाय आणि निकोलस पट्टी बांधतोय. बाजूला जखमी गाय नुसती हंबरतेय आणि कोणी काहीच करत नाहीये. निकोलसचं डोकं सटकतं, तो अमीनचंच पिस्तूल उचलतो आणि गाईला गोळी घालतो. सगळे सैनिक बंदुका रोखून उभे. अमीन आधी भडकतो, मग कळतं की हा इंग्रज नाही, स्कॉटिश आहे, आणि चेहरा असा काही खुलतो! आपला लष्करी शर्ट काढून देतो आणि त्याच्या अंगातला स्कॉटलंडचा टीशर्ट मुलासाठी मागून घेतो. अमीन ब्रिटिशांच्या किंग्ज आफ्रिकन रायफल्स या पलटणीत होता आणि स्कॉटलंडचं वेड त्याला खरंच होतं, त्यामुळे हे उगाच घुसडलेलं वाटत नाही.

फॉरेस्ट व्हिटेकरबद्दल किती बोलू. या रोलसाठी बेस्ट अ‍ॅक्टरचं ऑस्कर मिळालं आणि ते शंभर टक्के त्याचंच होतं. एका वाक्यात लाड करतो, त्याच वाक्याच्या शेवटी डोळे थंडगार होतात, मध्ये कट नाही, आवाज चढवणं नाही. रात्री निकोलसला तातडीने बोलावून घेतात तो सीन घ्या, अमीनला वाटतंय विषप्रयोग झालाय, घाबरून पार लहान पोरासारखा झालाय, आणि निघतं काय तर पोटातला गॅस. दोघं हसत सुटतात. या हसण्यातच निकोलस अडकतो. मग मर्सिडीज येते, सल्लागारपद येतं आणि एक दिवस हा बाबा एका मंत्र्याबद्दल नुसता संशय अमीनच्या कानावर घालतो. मंत्री गायब. गोळी याने झाडलेली नसते पण हात याचेही बरबटलेत, आणि डायरेक्टर त्याला अजिबात सोडत नाही.

ऑगस्ट 1972 मध्ये अमीनने आशियाई लोकांना 90 दिवसांत देश सोडायला लावला तो भाग मात्र फार घाईत उरकलाय. हजारो कुटुंबं होती ती, बहुतेक गुजराती, आपल्या गोव्याचेही बरेच लोक होते, सरकारी कचेऱ्यांमधले कारकून, शिंपी, पिढ्यान् पिढ्या तिथे राहिलेले. दुकानं, घरं सगळं तिथेच टाकून निघाले. पिक्चरमध्ये त्यांच्या वाट्याला काही मिनिटं येतात. पण त्याच्याशी जोडलेला एक संवाद जबरदस्त आहे, नंतर पस्तावलेला अमीन निकोलसला म्हणतो की तू मला अडवायला हवं होतंस, निकोलस म्हणतो मी सांगितलं होतं, तर अमीन म्हणतो, सांगितलंस, पण पटवून दिलं नाहीस! असल्या माणसाचा सल्लागार होणं म्हणजे काय ते तिथे कळतं.

माझी खरी तक्रार केच्या बाबतीत आहे. के ही अमीनची बायको, केरी वॉशिंग्टनने सुंदर केलीये, फिट्स येणाऱ्या पोराची एकटी पडलेली आई. पिक्चरमध्ये तिचं निकोलसशी जुळतं आणि तिचा शेवट भयंकर होतो. खरी के अमीन 1974 मध्ये मेली, मृतदेहाचे तुकडे सापडले हे खरं आहे, पण तिचे संबंध युगांडाच्याच एका डॉक्टरशी होते असं सांगतात. निकोलस हे पात्रच काल्पनिक, जाइल्स फोडेनच्या कादंबरीतलं. म्हणजे त्या स्थानिक डॉक्टरच्या जागी गोरा हिरो बसवला आणि एका खऱ्या बाईचं मरण त्याच्या प्रेमप्रकरणाला जोडलं. हे मला पटलेलं नाही. अमीनच्या काळात लाखो माणसं मेली असं मानतात, त्यातली नाव-चेहरा असलेली माणसं या पिक्चरमध्ये फार थोडी आहेत.

त्या थोड्यांमधला स्थानिक डॉक्टर, डॉ. जुंजू (डेव्हिड ओयेलोवो) मात्र विसरता येत नाही. शेवट 1976 मध्ये युगांडातल्या एन्टेबी विमानतळावर, अपहरण करून आणलेल्या विमानातल्या ओलीस प्रवाशांच्या गडबडीत. निकोलसला जुंजू वाचवतो, आणि का वाचवतो ते त्याच्या तोंडून ऐका, निकोलसचं कौतुक म्हणून तर नक्कीच नाही.

एन्टेबीच्या भागातच छातीत हूक अडकवायचा छळाचा सीन आहे, तो फार कठीण जातो. मुलांना घेऊन बसू नका, आणि स्कॉटिश व युगांडन उच्चार भराभर येतात तेव्हा सबटायटल्स चालू ठेवा.