डेन्मार्कसारखं आत की नॉर्वेसारखं उंबऱ्यावर?

छोट्या देशाने युरोपीय संघात जावं की बाहेर राहून नुसती बाजारपेठ वापरावी, असं एका मित्राने विचारलं. दोन्हीकडची भाषणं बाजूला ठेवून दोन शेजारी बघू.

नियम कोण करतं? डेन्मार्क १९७३ पासून आत आहे. संघाच्या मंत्रिपरिषदेत, म्हणजे सदस्य देशांचे मंत्री जिथे नियम ठरवतात तिथे, मत आहे; करांच्या बाबतीत नकाराधिकारही. नॉर्वेच्या जनतेने १९७२ आणि १९९४ मध्ये नकार दिला. तरी युरोपीय आर्थिक क्षेत्रात, म्हणजे संघाबाहेरच्या काही देशांनाही बाजारपेठेत घेणाऱ्या करारात, असल्याने सामाईक बाजारपेठेचे नियम त्याला लागू होतातच. मत मात्र नाही. सार्वभौमत्वाच्या नावाखाली हा सौदा मला महागच वाटतो.

पैसे? दोघंही मोजतात.

मोकळीक म्हणाल तर नॉर्वे पुढे. मासेमारी आणि शेतीची धोरणं स्वतःच्या हातात. डेन्मार्कनेही २००० साली युरो नाकारून आपलं चलन क्रोन राखलं, पण त्याचा दर युरोला बांधलेला. फ्रँकफर्टच्या युरोपीय मध्यवर्ती बँकेने व्याजदर हलवला की कोपनहेगन बहुधा मागोमाग. आणि संघाच्या संरक्षण धोरणाबाहेर राहण्याची सवलत तर युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर, २०२२ मध्ये, डॅनिश मतदारांनी आपणहून सोडली.

तेल, मासे आणि गाठीला पैसा असलेल्याला नॉर्वेची वाट परवडते. निर्यातीवर जगणाऱ्या, बड्या शेजाऱ्यांची धास्ती असलेल्या देशाने आत जाऊन खुर्ची धरावी.