फ्रेंचचं ‘दों’ की अरबीचं ‘अल्लधी’?

फ्रेंच किंवा अरबीचं पहिलं वर्ष सरलं की लिंग-वचनाची आणि क्रियापदांच्या रूपांची भीती मोडते. मग प्रश्न येतो की दोन्हींतली कुठली नेटाने पुढे न्यायची. लोक लिपी बघतात, उच्चार बघतात, नोकरी बघतात. माझं म्हणणं, एकदा विशेषण-वाक्यही बघा: ‘ज्या घरात मी राहतो ते घर’, ‘ज्याच्याबद्दल बोलत होतो तो विषय’. दोन साधी वाक्यं कशीबशी जमतात, पण त्यांची एक मोळी बांधायची वेळ आली की बोलणं अडतं. मी दोन्ही भाषा काही वर्षं चालवल्या आणि शेवटी एकीकडे झुकलो. कुठे, ते पुढे लपणार नाहीच.

कागदावर फ्रेंच स्वस्त वाटतं. आपल्या ‘जो’, ‘ज्या’चं काम करायला कर्त्यासाठी ‘की’, कर्मासाठी ‘क’, जागा आणि वेळ यांसाठी ‘ऊ’, आणि ‘द’ या अव्ययाशी बांधलेल्या सगळ्या क्रियापदांसाठी ‘दों’. यांतल्या एकालाही लिंग-वचन नाही. लिंग-वचन पाळणारं ‘लकेल’ आणि त्याचा गोतावळा (ओकेल, द्युकेल, आ लाकेल) नंतर भेटतो. अरबीत मात्र पहिल्याच धड्यात तक्ता पुढ्यात येतो: पुल्लिंगी अल्लधी, स्त्रीलिंगी अल्लती, अनेकवचनी अल्लधीन, स्त्रियांसाठी अल्लाती किंवा अल्लवाती, आणि वर द्विवचन, तेही विभक्तीनुसार बदलणारं. (हा ‘ध’ खरं तर जिभेचं टोक दातांत धरून काढायचा, देवनागरीत तो नीट उतरत नाही.) लिहिताना आणखी एक खोड: एकवचनात एकच लाम (अरबी ‘ल’), द्विवचनात दोन, पुल्लिंगी अनेकवचनात पुन्हा एक. पुस्तकं, घरं, शहरं अशा निर्जीव अनेकवचनांना तर सरळ स्त्रीलिंगी एकवचन ‘अल्लती’ लागतं. तक्ता बघून इथेच बरेच जण फ्रेंचकडे वळतात. त्यांना दोष देता येत नाही.

तक्ता पाठ होतो, हो. माझी अडचण वेगळीच होती.

फ्रेंचमध्ये विशेषण-वाक्य सुरू करण्याआधीच पुढे येणारं क्रियापद कुठलं अव्यय घेतं हे ठाऊक असावं लागतं. ‘मला हवं असलेलं पुस्तक’ म्हणायचं तर ‘ल लीव्र’नंतर लगेच निर्णय: गरज ‘द’ने व्यक्त होते, म्हणून ‘दों झे बझ्वँ’. विचार करणं ‘आ’ घेतं, म्हणून ज्या शहराचा मी विचार करतोय ते ‘ला वील आ लाकेल झ पाँस’. आठवणीसाठी दोन क्रियापदं आहेत आणि त्यांची तऱ्हा निराळी: एकाने म्हटलं तर ‘ल झूर दों झ म सुव्यँ’, दुसऱ्याने म्हटलं तर ‘ल झूर क झ म रापेल’. अर्थ तोच, मला आठवणारा दिवस. पण तोंडातून ‘दों’ निघालं की मागचा दरवाजा बंद, आता पहिलंच क्रियापद वापरायला हवं. आधी काउंटरवर कूपन फाडायचं आणि मग मेनू वाचायचा, अशा हॉटेलात बसल्यासारखं मला दर वेळी होई.

अरबीत ‘अल्लधी’ म्हणायचं आणि चालू पडायचं. नामाचं लिंग-वचन तर माहीतच असतं, कारण नाम आत्ताच उच्चारलेलं असतं. पुढचं नातं कसलं, ते वाक्याच्या शेवटी एका छोट्या सर्वनामाने मिटवायचं. मी वाचलेलं पुस्तक: अल्-किताब अल्लधी करअ्तुहू, शेवटचं ‘हू’ म्हणजे ‘ते’. मी राहतो ते घर: अल्-बैत अल्लधी अस्कुनु फीहि, ‘फीहि’ म्हणजे ‘त्यात’. ज्याविषयी बोललो तो विषय: अल्-मौदू अल्लधी तकल्लम्ना अन्हु. अरबी व्याकरणकार या परतून येणाऱ्या सर्वनामाला ‘आइद’ म्हणतात. मुस्लिम घरात वाढलेल्यांना ही रचना सवयीची असते, जाणवत मात्र नाही: अल्-फातिहा या कुराणाच्या पहिल्या अध्यायातल्या ‘सिरातल्लधीन अन्अम्त अलैहिम’मधलं ‘अलैहिम’ (‘त्यांच्यावर’) नेमकं तेच काम करतं.

आता, मराठी माणूस म्हणेल की आपणही ‘ज्याच्या’, ‘ज्यात’, ‘ज्याला’ म्हणून विभक्ती आधीच लावतो, मग फ्रेंच का जड जावं? पुस्तकी मराठीपुरतं हे खरं आहे. पण कट्ट्यावर कोण तसं बोलतं? ‘तो माणूस नाही का, त्याचा मुलगा डॉक्टर आहे, तो’ असंच आपण म्हणतो. आधी माणूस समोर उभा करायचा, मग त्याच्याबद्दल पूर्ण वाक्य, आणि त्यात ‘त्याचा’ घालून गाठ मारायची. अरबी ‘अर-रजुल अल्लधी इब्नुहू तबीब’ शब्दागणिक हेच सांगतं. थोडं अवघड करून बघा: ज्याच्या मुलाबरोबर मी काम करतो तो माणूस. अरबीत ‘अर-रजुल अल्लधी आमलु मअ इब्निही’, संपलं. फ्रेंचमध्ये इथे ‘दों’ चालत नाही, कारण आधी ‘बरोबर’ आलंय. म्हणून ‘लोम आव्हेक ल फीस द्युकेल झ त्राव्हाय’. व्याकरण निर्दोष आहे, पण गप्पांत असं बोलताना मला कोर्टात उभं राहिल्यासारखं वाटतं. खुद्द फ्रेंच लोकही बोलताना ‘दों’ गाळून नुसत्या ‘क’वर भागवतात आणि व्याकरणवाल्यांचा ओरडा खातात.

अरबीला मी झुकतं माप देतोय हे मान्य, म्हणून तिची खोटही सांगतो. मागचं नाम अनिश्चित असेल तर अल्लधी गायबच होतं. ‘काबल्तु रजुलन यस्कुनु फी बारीस’, म्हणजे पॅरिसमध्ये राहणारा एक माणूस भेटला; मध्ये जोडणारा शब्दच नाही. ऐकताना कळतं. पण स्वरचिन्हं नसलेल्या छापील मजकुरात विशेषण-वाक्य कुठे सुरू झालं याची पाटी नसते आणि लांब वाक्यात डोळे मागे-पुढे पळतात. फ्रेंच ती पाटी प्रत्येक वेळी लावतं. वाचनासाठीच भाषा शिकायची असेल, तर माझा कौल कदाचित फ्रेंचला जाईल.

ऐकण्याच्या बाबतीत मात्र फ्रेंचची पाटी दगा देते. ‘ज्याने त्याला पाहिलं’ आणि ‘ज्याला त्याने पाहिलं’ ही दोन्ही कानाला ‘की ला व्ह्यू’ अशीच ऐकू येतात. लिहिताना वेगळी, बोलताना एक. कोणी कोणाला पाहिलं हे संदर्भावरून ओळखायचं.

आणि ते भूतकालवाचक धातुसाधित! कर्म आधी आलं तर ते कर्माप्रमाणे बदलतं: ‘ले लेत्र क झे एक्रीत’, मी लिहिलेली पत्रं. हा नियम सोळाव्या शतकातल्या क्लेमाँ मारो या कवीच्या नावावर सांगतात. 1990 च्या शुद्धलेखन-सुधारणांनीही तो जवळजवळ जसाच्या तसा ठेवला. मराठी माणसाला यात नवल वाटू नये, ‘मी पत्रं लिहिली’ म्हणताना आपणही कर्मालाच मान देतो. फक्त आपण तो कर्म कुठेही बसलं तरी देतो, फ्रेंच कर्म आधी बसलं असेल तरच. त्यामुळे आपली सवय अर्धी उपयोगी पडते आणि अर्धी घोटाळा करते.

तुम्हाला परीक्षा द्यायची असेल, कॅनडाचे कागद भरायचे असतील, घराजवळ बरा वर्ग हवा असेल, तर फ्रेंच घ्या. पुण्या-मुंबईत तिची सोय सहज होते आणि ‘दों’ कधी ना कधी अंगवळणी पडतंच म्हणतात. तोंड लवकर सुटायला हवं असेल, तर मी अरबी सुचवेन. त्यातून जायचं कैरोला किंवा बैरूतला असेल, तर तो धडकी भरवणारा तक्ताही बोलण्यात उरत नाही. तिथल्या बोलींत लिंग, वचन, द्विवचन सगळ्यांना मिळून एकच ‘इल्ली’ आहे, मोरोक्कोत ‘ल्ली’. शेवटचं छोटं सर्वनाम तेवढं बोलीतही जागेवर असतं, ते विसरू नका.