बायोस चिप: घरी फ्लॅश करू की लॅमिंग्टन रोडला नेऊ?

बायोस म्हणजे कॉम्प्युटर सुरू करणारा, चिपमध्ये बसलेला प्रोग्रॅम. त्याचं अपडेट अर्धवट राहिलं, स्क्रीन काळी. धाकटा भाऊ विचारतोय, सीएच३४१ए प्रोग्रॅमर (चिप फ्लॅश करणारं, म्हणजे तिच्यातली फाइल वाचून नव्यानं लिहिणारं उपकरण) मागवू की मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडला, दुकान गाठू?

खर्चात प्रोग्रॅमर आणि त्याला चिपशी जोडणारी क्लिप स्वस्तच. धोका व्होल्टेजचा: चिप १.८ व्होल्टची असेल तर अ‍ॅडॉप्टरशिवाय जोडूच नकोस, जळू शकते. बॅटरी काढ, चिपमधली जुनी फाइल दोनदा वाचून दोन्ही कॉपी जुळव, मगच चिपमधला डेटा पुसायला घे. सीरियल नंबर, बऱ्याचदा विंडोजची कीसुद्धा त्यातच असते. दुकानात दिलास तरी ही कॉपी आधी मागून घे, 'काय करायचीय?' म्हणतील, तरी.

दुकानात मेहनत शून्य, लोकलची गर्दी सोडली तर.

नुसती फाइल बिघडली असेल आणि हात स्थिर असेल, तर घरी कर. चिपच मेली असेल तर हॉट एअरचं काम, म्हणजे गरम हवेनं ती काढून नवी बसवायची. सरळ लॅमिंग्टन रोडजवळच्या ग्रँट रोड स्टेशनला उतर.