सफाईच्या सुतारकामासाठी पोर्टेबल एअर कॉम्प्रेसर : लहान, शांत की तेलाचा?

दाराच्या चौकटीभोवतीची मोल्डिंग, भिंतीच्या तळाशी बसणारी स्कर्टिंगची पट्टी, कपाटाच्या कडेची बीडिंग असे सफाईचे काम करणारा सुतार कॉम्प्रेसर घ्यायला निघतो, तेव्हा अश्वशक्ती, टाकीचे लिटर आणि कमाल दाब हे तीन आकडे त्याच्यासमोर सर्वांत मोठ्या अक्षरांत येतात. यांपैकी एकाही आकड्यावरून त्याच्या कामाला योग्य यंत्र ठरत नाही. पट्टी ठोकणाऱ्या नेलरला, म्हणजे दाबलेल्या हवेने खिळे ठोकणाऱ्या हत्याराला, हवा इतकी कमी लागते की बाजारातला जवळजवळ कोणताही लहान कॉम्प्रेसर ती सहज पुरवतो. म्हणून खरी निवड वजन, आवाज, हवेचा कोरडेपणा आणि आज ना उद्या जोडले जाणारे दुसरे एखादे हत्यार यांवर करावी लागते.

आधी हवेचा हिशेब मांडू, कारण तो एकदा नीट समजला की पुढची तुलना सोपी होते. १८ गेजचा ब्रॅड नेलर (ब्रॅड म्हणजे बारीक खिळा; गेजचा आकडा जितका मोठा तितका खिळा बारीक) एका खिळ्यामागे साधारण अर्धा ते एक लिटर हवा घेतो. येथे लिटर म्हणजे दाबण्यापूर्वीची, वातावरणातली मोकळी हवा. २३ गेजच्या पिन नेलरला याहून कमी, १५ किंवा १६ गेजच्या फिनिश नेलरला एक ते दोन लिटर, तर जाड चौकटी आणि सांगाडे जोडणाऱ्या फ्रेमिंग नेलरला त्याच्या कित्येक पट हवा लागते. पट्टी मापायची, कोपरा ४५ अंशांत कापायचा, जागेवर धरून पाहायची आणि मग ठोकायची, अशा कामात मिनिटाला सरासरी १० खिळेही क्वचितच बसतात. तेवढे बसले असे धरले, तरी ब्रॅड नेलरची गरज मिनिटाला ५ ते १० लिटरच भरते. एक अश्वशक्तीचा साधा कॉम्प्रेसर ६ बारच्या (बार हे दाबाचे एकक) आसपास मिनिटाला ६० ते ७० लिटर हवा प्रत्यक्षात देऊ शकतो, म्हणजे तो बहुतेक वेळ बंदच असतो.

टाकीचेही तसेच आहे. टाकीतला दाब ८ बारवरून ६ बारवर येईपर्यंत जितकी हवा मिळते ती टाकीच्या लिटरांच्या दुप्पट असते : ६ लिटरच्या टाकीतून १२ लिटर, २४ लिटरच्या टाकीतून ४८ लिटर. पहिलीवर सुमारे १५ ते २० ब्रॅड बसतात, दुसरीवर ६० ते ७०, आणि त्यानंतर मोटर सुरू होते. टाकी मोठी घेतल्याने यंत्राची ताकद वाढत नाही. मोटर कमी वेळा सुरू होते, पण सुरू झाली की जास्त वेळ चालते, एवढाच फरक पडतो. वारंवार सुरू-बंद होणे मोटरीला त्रासाचे असते, त्यामुळे फार लहान टाकी चांगली नाही. पण जिन्यावरून वर न्यायच्या यंत्राला ५० लिटरची टाकी असणेही शहाणपणाचे नाही.

याहून महत्त्वाचा, पण फारसा कोणी न विचारणारा आकडा म्हणजे मोटर पुन्हा कोणत्या दाबाला सुरू होते तो. काही यंत्रे ८ बारला थांबतात आणि थेट ५ बारला पुन्हा सुरू होतात. सागाच्या किंवा त्याहून टणक लाकडाच्या पट्टीत ५० मिलिमीटरचा खिळा बसवण्यासाठी रेग्युलेटर, म्हणजे नेलरकडे जाणाऱ्या हवेचा दाब ठरवणारी चावी, साडेसहा बारवर ठेवला असेल, तर टाकी साडेसहाच्या खाली उतरल्यापासून मोटर जागी होईपर्यंत नेलरला हवा तेवढा दाब मिळतच नाही. मग सलग आठ खिळे पृष्ठभागाखाली बरोबर बसतात आणि नवव्याचे डोके मिलिमीटरभर वर राहते. ते खाली घालण्यासाठी पंच आणि हातोडी काढावी लागते, त्यात पट्टीच्या कडेला ठोक्याचा व्रण उमटतो, आणि लांबी (पुट्टी) भरूनही पॉलिशखाली तो दिसतो. नेलर बिघडला असे समजून त्यावरचे खिळा किती खोल जावा याचे सेटिंग बदलले जाते, मग टाकी भरल्यावर पुढचे खिळे गरजेपेक्षा खोल बुडतात. साडेसहा बारच्या वरच पुन्हा सुरू होणारे यंत्र किंवा १० बारपर्यंत भरणारी लहान टाकी या कटकटीतून सोडवते. म्हणूनच १० बारची ६ लिटरची टाकी ८ बारच्या मोठ्या टाकीपेक्षा पट्टीकामात कधी कधी सरस ठरते.

आता प्रत्यक्ष तीन पर्याय समोरासमोर ठेवू.

पहिला पर्याय म्हणजे चपट्या गोल टाकीचा, तेलाशिवाय चालणारा, ६ लिटरच्या आसपासचा कॉम्प्रेसर. त्याचे वजन साधारण १० ते १५ किलो असते, तो एका हातात उचलता येतो आणि चपट्या बुडामुळे सहसा कलंडत नाही. आत तेल नसल्याने गाडीत आडवा पडला तरी काही सांडत नाही. पिस्टनवर टेफ्लॉनसारख्या घसरणाऱ्या पदार्थाची रिंग असते, ती झिजली की रिंग आणि सिलिंडर बदलावे लागतात. याचा मोठा दोष आवाज. लहान पंपातून पुरेशी हवा काढण्यासाठी तो वेगाने फिरवलेला असतो, आणि जवळ उभे राहिल्यास ८५ डेसिबलच्या वर आवाज सहज जातो. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास ऐकणे ही कानांच्या सुरक्षिततेची सर्वमान्य मर्यादा मानली जाते, आणि दर ३ डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. रिकाम्या, फरशी घातलेल्या खोलीत तो आवाज भिंतींवरून परतून अधिकच अंगावर येतो. अधूनमधून एखादी पट्टी दुरुस्त करणाऱ्याला हे चालून जाईल. रोज लोकांच्या राहत्या घरात काम करणाऱ्याने मात्र त्यावर समाधान मानू नये.

दुसरा पर्याय तेलाशिवाय चालणारा पण संथ मोटरीचा, ज्याला बाजारात सायलेंट म्हणतात. यात चार ध्रुवांची इंडक्शन मोटर असते आणि ती दोन ध्रुवांच्या मोटरीच्या निम्म्या वेगाने फिरते. बहुधा दोन सिलिंडर असल्याने वेग कमी असूनही हवा पुरेशी मिळते. आवाज ६० ते ७० डेसिबलपर्यंत उतरतो, म्हणजे शेजारी उभे राहून साध्या आवाजात बोलता येते. १० डेसिबलचा फरक कानाला साधारण दुप्पट-निम्मा जाणवतो हे लक्षात घेतले, की २० डेसिबलचा फरक किती मोठा आहे ते कळते. ८ ते १० लिटरच्या टाकीसह याचे वजन १५ किलोच्या थोडे वर जाते, २४ लिटरच्या टाकीसह २० ते २५ किलो होते. संथ फिरल्याने झीज कमी होते आणि यंत्र कमी तापते. जाहिरातीतले आवाजाचे आकडे वाचताना ते किती अंतरावरून मोजले आहेत ते पाहणे आवश्यक आहे, कारण एक मीटरवरचा आकडा आणि चार मीटरवरचा आकडा यांची तुलना करता येत नाही. याची कमजोरी हवेच्या पुरवठ्यात आहे : लहान आकारात तो मिनिटाला ५० ते ७० लिटरच्या पलीकडे सहसा जात नाही.

तिसरा पर्याय तेलाच्या पंपाचा, २४ ते ५० लिटर टाकीचा, चाकांवरचा. दीड-दोन अश्वशक्तीचे हे यंत्र मिनिटाला १०० लिटरच्या पुढे हवा देऊ शकते, फ्रेमिंग नेलर सलग चालवते, आणि पंपाची दुरुस्ती पिढ्यान् पिढ्या होत आलेली असल्याने योग्य काळजी घेतल्यास वर्षानुवर्षे टिकते. त्यासाठी तेलाची पातळी काचेतून रोज पाहावी लागते, पहिले तेल लवकर बदलावे लागते आणि यंत्र नेहमी सपाट ठेवावे लागते. वाहतुकीत ते आडवे झाले तर तेल सिलिंडरमध्ये चढते. कडाक्याच्या थंडीत घट्ट झालेल्या तेलामुळे मोटर सुरू होताना धापा टाकते. सुतारासाठी याहून मोठी अडचण म्हणजे हवेबरोबर येणारे तेलाचे सूक्ष्म थेंब. याच हवेने पॉलिशपूर्वी लाकडावरचा भुसा फुंकला, तर तेलाचा पातळ थर बसतो, आणि लॅकर मारल्यावर तेथे माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. तेल आणि पाणी अडवणारा फिल्टर लावल्यास हा धोका बराच कमी होतो, पण तो फिल्टर नियमाने रिकामा करणारा हात हवा. खुद्द नेलरमध्ये सकाळी घातलेले चार थेंब तेलही जास्त झाले तर नेलरच्या तोंडाशी बाहेर पडते, म्हणून कच्च्या लाकडाकडे वळण्यापूर्वी पहिले दोन-तीन खिळे टाकाऊ तुकड्यावर मारलेले बरे.

ज्याचे सर्व काम पट्टी, मोल्डिंग आणि कपाटांचे आहे, त्याने ८ ते १० लिटरचा संथ, तेलाशिवायचा कॉम्प्रेसर घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. एका जागी कार्यशाळा असेल आणि फ्रेमिंग नेलर, स्टेपलर व भुसा फुंकणे हे सारे एकाच यंत्रावर चालवायचे असेल, तर तेलाचा मोठा पंप योग्य. स्प्रे गन आणि हवेवर चालणारा सँडर यांचा प्रश्न मात्र वेगळा आहे. अनेक स्प्रे गनना मिनिटाला २०० लिटर किंवा अधिक हवा लागते, आणि सँडर तर सतत हवा ओढत राहतो. ‘पुढे कधी तरी स्प्रेही करू’ या विचाराने मधल्या आकाराचे यंत्र घेतले, तर पट्टीकामाला ते अकारण जड होते आणि स्प्रेला तरीही अपुरे पडते. सँडर विजेवरचा घ्यावा आणि स्प्रेसाठी टर्बाइनचे स्वतंत्र यंत्र पाहावे.

कॉम्प्रेसरच नको, बॅटरीवरचा नेलर घ्यावा का, हा प्रश्नही आता रास्त आहे. नळी नाही, कॉम्प्रेसरचा आवाज नाही, शिडीवर पायात काही अडकत नाही. पण बॅटरीसह असा १८ गेजचा नेलर अडीच-तीन किलोंचा असतो, तर हवेवरचा त्याच्या निम्म्याच्या आसपास. छताच्या कडेची मोल्डिंग दिवसभर डोक्यावर हात धरून ठोकणाऱ्याच्या खांद्याला हा फरक दुपारपर्यंत चांगलाच कळतो. शिवाय हवेचा नेलर हलका ठोका देऊन लगेच मोकळा होतो, अरुंद कोपऱ्यात शिरतो आणि त्याची दुरुस्ती रबरी रिंगांच्या संचावर भागते. दिवसाला मोजके खिळे आणि दहा वेगवेगळ्या जागा असतील तर बॅटरी, एका घरात आठवडाभर काम असेल तर हवा.

वीज हा दुर्लक्षित विषय आहे. इंडक्शन मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते. लांब आणि बारीक तारेच्या एक्स्टेन्शनवर त्या क्षणी व्होल्टेज पडते, मोटर गुरगुरत अडकते, तापते आणि कालांतराने जळते. म्हणून कॉम्प्रेसर भिंतीतल्या सॉकेटजवळ ठेवावा आणि अंतर हवेच्या नळीने भरून काढावे. पट्टीकामाला ६ मिलिमीटर आतील व्यासाची पॉलियुरेथेनची हलकी नळी १५ मीटरपर्यंत पुरते. फ्रेमिंग नेलरसाठी ८ ते १० मिलिमीटरची घ्यावी. नळी लांबवण्याचा आणखी फायदा म्हणजे यंत्र शेजारच्या खोलीत जाते आणि आवाज दाराआड राहतो. भिंतीवरून कायमची लाइन टाकायची झाल्यास पाण्याचा पीव्हीसी पाइप वापरू नये, कारण दाबाखाली तो तडकून त्याचे तीक्ष्ण तुकडे उडतात. आणि नेलरला ऑक्सिजन किंवा अन्य गॅसचा सिलिंडर कोणत्याही परिस्थितीत जोडू नये, त्याने स्फोट होतो.

विकत घेण्यापूर्वी दुकानात यंत्र चालवून पाहण्याचा आग्रह धरावा. रिकामी टाकी पूर्ण भरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहावे, टाकीचे लिटर आणि बार यांचा गुणाकार करून त्याला मिनिटांनी भागावे. २४ लिटरची टाकी ८ बारपर्यंत अडीच मिनिटांत भरली, तर १९२ भागिले अडीच, म्हणजे मिनिटाला सुमारे ७७ लिटरची खरी सरासरी हाती येते. डब्यावर छापलेला आकडा बहुधा पिस्टनच्या हालचालीवरून काढलेला असतो आणि प्रत्यक्ष हवा त्याहून एक तृतीयांशाने किंवा त्याहूनही जास्त कमी निघते. मोटर थांबताच ‘फुस्स’ असा छोटा आवाज आला पाहिजे. पंपाच्या डोक्यावर अडकलेली हवा सोडणारा व्हॉल्व्ह काम करतो आहे, हे त्यावरून कळते. तो आवाज आला नाही तर पुढच्या वेळी मोटरीला भरल्या दाबाविरुद्ध सुरू व्हावे लागेल. नंतर यंत्र बंद करून दहा मिनिटांनी काटा पुन्हा पाहावा आणि तो उतरला असेल तर जोडांवर साबणाचे पाणी लावून गळती शोधावी. वापरलेले यंत्र घेत असल्यास टाकीच्या तळाचा ड्रेन व्हॉल्व्ह दाब अगदी कमी करून उघडावा : स्वच्छ पाण्याचे थेंब आले तर ठीक, तांबूस गंजाचे पाणी आले तर टाकी आतून खाल्ली गेली आहे असे समजून ते यंत्र तेथेच सोडावे.